चिलटांना खारट आवडतं का? घरच्या घरी करायची चव-चाचणी

केळ्यांच्या घडाभोवती घिरट्या घालणारं चिलट, म्हणजे ड्रॉसोफिला, मीठ ओळखतं. थोडं असलं तर त्याकडे जातं, जास्त असलं तर टाळतं. (हापूसमध्ये अळ्या करणारी फळमाशी वेगळी, तिचा इथे संबंध नाही.) चिलटांच्या चवीवर मुंबईत जुनं काम झालं आहे: कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबेद सिद्दिकी आणि वेरोनिका रॉड्रिग्ज यांनी 1970 च्या दशकात ते केलं. खालची चाचणी रंगीत खाद्य आणि पोटाचा रंग यांवर चालते. प्रयोगशाळांतही हीच रीत आहे.

चिलटं पकडायला रुंद तोंडाच्या बाटलीत अतिपिकलेल्या केळ्याचा तुकडा टाका आणि तोंडावर कागदाचं नरसाळं बसवा, टोकाला 5 मिमीचं भोक. पन्नासेक चिलटं तरी हवीत. मग त्यांना दुसऱ्या बाटलीत सोडून 18 ते 20 तास उपाशी ठेवा, पण आत ओला कापूस हवाच. पाणी नसेल तर ती मरतात, आणि जी वाचतात ती चवीसाठी नाही, तहानेपोटी खातात. बाटली उन्हात नको. मे महिन्यात खिडकीतली बाटली तासाभरात तापते.

द्रावणं दोन लागतात. 29 ग्रॅम मीठ पाण्यात विरघळवून एकूण 500 मिली करा, हे 1 मोलर झालं (मोलर हे द्रावणाच्या तीव्रतेचं माप, मिलिमोलर त्याचा हजारावा भाग). 17 ग्रॅम साखर तशीच 500 मिलीत, हे 100 मिलिमोलर. मीठ साधं घ्या, सैंधव नको, त्यात इतर क्षारही असतात. स्वयंपाकघरातला काटा एखाद्या ग्रॅमने चुकतो, म्हणून थोडं थोडं मोजण्यापेक्षा एकदम जास्त करून नंतर सुई काढलेल्या 10 मिली सिरिंजने मोजून घेणं बरं.

200 मिली पाण्यात 4 ग्रॅम चायना ग्रास पूर्ण विरघळेपर्यंत उकळा. जिलेटिन चालणार नाही, मुंबईच्या उन्हाळ्यात ते वितळून चिलटं त्यात अडकतात. आता तीन पेले:

साधा: साखर 5 मिली, पाणी 45.
कमी खारट: साखर 5, मीठ 5, पाणी 40.
जास्त खारट: साखर 5, मीठ 45.

प्रत्येकात 50 मिली गरम चायना ग्रास मिसळा. पेले आधी कोमट करून ठेवा, नाहीतर ओतताक्षणी गाठी होतात. तिन्हींत साखर सारखीच, 5 मिलिमोलर. मीठ मात्र शून्य, 50 आणि 450. 450 म्हणजे समुद्राच्या पाण्यात जेवढं सोडियम असतं साधारण तेवढंच.

रंगाकडे नीट लक्ष द्या, बहुतेक चाचण्या इथेच बिघडतात. पुडीतल्या खाद्यरंगात भर म्हणून मीठ घातलेलं असू शकतं, लेबल वाचा. क्रॉफर्ड मार्केटात केकच्या सामानाच्या दुकानांतून लाल आणि निळा द्रव रंग घ्या, तोही साखरेविना. प्रत्येक पेल्याचे दोन भाग करून एकात लाल, एकात निळा, दोन्हीकडे थेंब मोजून सारखेच. सगळ्यात आधी साधं लाल आणि साधं निळं समोरासमोर ठेवून बघा. एकाच रंगाकडे कल दिसला, तर रंगच चवीत लुडबुड करतोय.

पारदर्शक, सपाट मिठाईच्या डब्यात आठ लाल आणि आठ निळे ठिपके आलटूनपालटून टाका. साधा लाल, कमी खारट निळा. चिलटांची बाटली पाच मिनिटं फ्रिजमध्ये ठेवली की ती सुस्तावतात, तेवढ्यात डब्यात ओता. झाकण लावा आणि दीड तास पूर्ण अंधारात ठेवा. उजेड असला तर चवीसोबत रंगाची निवडही मिसळते. पावसाळ्यात झाकणाला आतून दव धरतं, म्हणून झाकणाला टाचणीने भोकं पाडा.

मग डबा तासभर फ्रीजरमध्ये. दहापट भिंगाखाली पोटं बघा: लाल, निळी, जांभळी, बिनरंगी. बिनरंगी सोडून द्या. खारट बाजूचा आकडा अधिक जांभळ्यांचे निम्मे, भागिले एकूण रंगीत. निळी 24, लाल 9, जांभळी 6 असतील तर 27 भागिले 39, म्हणजे 0.69. 0.5 म्हणजे कल नाही. आता रंग अदलाबदल करून नवीन चिलटांवर तेच करा, आणि दोन्हींची सरासरी घ्या. मग साधा विरुद्ध जास्त खारट. इथे आकडा 0.5 च्या बराच खाली यायला हवा.

हे घडतं कसं? चिलटाच्या सोंडेच्या टोकाशी प्रत्येक बाजूला साधारण 31 चवीचे केस असतात. पायांवर आणि पंखांच्या कडेवरही असतात, म्हणून ठिपक्यावर पाय पडला तरी चव कळते. केसाच्या टोकाला एक छिद्र, आत दोन ते चार चव-पेशी. छिद्रातून मीठ आत आलं की काही पेशींतल्या आयआर76बी या प्रथिनाच्या वाटेने सोडियम आत शिरतं. खारटपणाच्या कामातली त्याची भूमिका 2013 मध्ये दाखवली गेली. आयआर25ए त्याचा जोडीदार. कमी मिठाला गोडाच्या पेशीही प्रतिसाद देतात, म्हणून ते हवंसं वाटतं. मीठ वाढलं की कडू ओळखणाऱ्या पेशी जाग्या होतात आणि चिलट सोंड आखडून घेतं.

आकडे दर वेळी हुबेहूब जुळणार नाहीत. मीठ न मिळालेलं चिलट जास्त खारटही थोडंफार सहन करतं, आणि केळ्यात सोडियम नगण्य असतं. शिवाय घरात पकडलेल्या घोळक्यात एकाहून जास्त जाती असतात. म्हणून दोन्ही चाचण्यांसाठी चिलटं एकाच बाटलीतली, एकाच दिवशी पकडलेली घ्या.