पहिल्या वर्षाच्या मुलांना ग्रंथालयाची वाट कशी दाखवावी?

प्रवेश झाले की सभागृहात दोनशे मुलांना बसवून ग्रंथालयाचे नियम वाचून दाखवायची पद्धत नागपुरातल्या बऱ्याच महाविद्यालयांत आहे. काटोल-उमरेडहून रोज एसटीने येणाऱ्या मुलाच्या पदरात त्यातून काहीच पडत नाही. आठवडाभराने तो काउंटरपाशी येतो, कार्ड बोटांत फिरवत उभा राहतो. "सर, पुस्तक न्याले काय करा लागते?" एवढं विचारायलाही त्याला धीर गोळा करावा लागतो. मी ग्रंथपाल म्हणून हे दरवर्षी पाहते.

म्हणून आधी वीस-वीसच्या तुकड्या करा आणि मुलांना थेट रॅकपाशी न्या. प्रत्येकाच्या हातात एकेका पुस्तकाचा वर्गांक, म्हणजे विषयानुसार पुस्तकाला दिलेला क्रमांक, लिहिलेली चिठ्ठी द्या. अर्थशास्त्र 330 मध्ये, रसायनशास्त्र 540 मध्ये, हे भाषणातून कळत नाही. स्वतः शोधलं की लक्षात राहतं. सापडलेलं पुस्तक त्याच दिवशी त्याच्या नावावर इश्यू करा. पहिल्या भेटीतून कोणीही रिकाम्या हाताने जाता कामा नये, याबाबत मी हट्टी आहे.

मग भाषेकडे वळा, खरी अडचण तिथेच आहे. मराठी माध्यमातून बी.कॉम.ला आलेल्या मुलीला घसारा आणि ताळेबंद नीट येतात; डेप्रिसिएशन, बॅलन्स शीट दिसलं की ती थबकते. विषय तिला येत असतो, फक्त शब्द नवे असतात. इंग्रजी संज्ञांना मराठी शब्द देणारे भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश कपाटात कुलूपबंद न ठेवता वाचनकक्षाच्या टेबलावर ठेवा. शेजारी एक वही ठेवा, अडलेला शब्द मुलांनाच लिहू द्या. दर शनिवारी त्या शब्दांचे अर्थ विषयाच्या प्राध्यापकांकडून लिहून घेऊन फलकावर लावा.

महाविद्यालयांना ई-पुस्तकं आणि ई-नियतकालिकं पुरवणाऱ्या एन-लिस्टचं लॉगिन मुलांना समोर बसवून त्यांच्याच मोबाइलवर सुरू करून द्या. आयआयटी खरगपूरने उभारलेलं राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालयही तेव्हाच दाखवा. जुन्या प्रश्नपत्रिका मागायची वेळ येऊ देऊ नका, त्या समोरच ठेवा. बुक बँकेचे, म्हणजे दीर्घ मुदतीसाठी द्यायच्या क्रमिक पुस्तकांचे, संच देताना आधी शेवटची बस गाठणाऱ्यांचा विचार करा. वाचनकक्ष रात्री आठपर्यंत उघडा ठेवला तरी त्यांना त्याचा उपयोग नसतो.

दिवाळीच्या सुट्टीआधी, एकही पुस्तक न नेलेल्यांची यादी संगणकातून काढा. दंड नको, नोटीसही नको. एकेकाला बोलावून खुर्ची द्या. "पुस्तक का नेलं नाहीस?" असं विचारू नका. "कोणता पेपर जड जातोय?" असं विचारा आणि त्या पेपरचं पुस्तक रॅकवरून स्वतः काढून द्या.