मराठवाड्यात क्वीन अँथुरियम: आधी पाणी, मग कपाट, शेवटी रोप

अँथुरियम वारोकेआनम, म्हणजे संग्राहकांचं क्वीन अँथुरियम, मूळचं कोलंबियाच्या दमट जंगलातलं. तिथे ते झाडांच्या खोडांवर वाढतं, पानं मखमली आणि हातभर लांब लोंबणारी. मुळं उघड्यावर असल्याने ती पावसात भिजतात आणि लगेच वाऱ्यावर सुकतात. आपली काळी माती ओली झाली की चिकटून बसते, त्यात ही मुळं गुदमरून कुजतात. बागेची माती चिमूटभरही घालायची नाही.

रोप मागवण्याआधी पाण्याची सोय करा, कारण इथे बरीच रोपं पाण्यामुळेच जातात. बोअरचं पाणी जड असतं. त्यातल्या बायकार्बोनेटमुळे कुंडीतला पीएच चढतो, लोह मुळांना मिळत नाही आणि नवं पान शिरांच्या मधे पिवळं पडतं. क्षार साचले की पानांची टोकं करपतात. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं माप, ५०च्या आत हवा, म्हणजे आरओचं किंवा पावसाचं पाणी. १०० चौरस फूट पत्र्यावर २५ मिलिमीटर पाऊस पडला तर २०० लिटरचा ड्रम जवळपास भरतो. पहिल्या दोन सरींचं पाणी सोडून द्या, त्यात पत्र्यावरची धूळ असते. ड्रम झाकून अंधारात ठेवा, नाहीतर शेवाळ धरतं.

मिश्रण मापाने असं: पाइनच्या सालीचे तुकडे ४ भाग, नारळाच्या सोडणाचे तुकडे २, परलाइट (हलके, पांढरे, सच्छिद्र खडे) २, लाकडी कोळसा १, स्फॅग्नम मॉस (पाणी धरणारं सुकं शेवाळ) १. सोडणात मीठ असतं. ते २४ तास भिजवून तीनदा पाणी बदला, मग लिटरला १० ग्रॅम कॅल्शियम नायट्रेटच्या पाण्यात १२ तास ठेवून धुऊन काढा. हा टप्पा टाळलात तर महिन्याभरात मुळांची टोकं काळी पडतात. कुंडी मुळांपेक्षा बोटभरच मोठी घ्या. मोठ्या कुंडीचा मधला भाग वाळतच नाही. खोडाचा गड्डा वर राहू द्या, फक्त मुळं झाका.

इथल्या कोरड्या हवेत जंगलासारखा दमटपणा टिकवायला रोप बंद काचेच्या कपाटात ठेवावं लागतं. जुनं काचेचं शोकेस त्यासाठी उत्तम. आत आर्द्रता ७० ते ८५ टक्के, तापमान १८ ते २८ अंश, संगणकातला एक छोटा पंखा सतत चालू, आणि पानांपासून फूटभर वर पांढरी एलईडी, रोज १२ तास. पंखा अजिबात वगळू नका, साचलेल्या दमट हवेत पानांवर जिवाणूंचे डाग पडतात. ह्युमिडिफायरमध्येही आरओचंच पाणी घाला. बोअरचं घातलं तर पानांच्या मखमलीवर पांढरी पूड बसते आणि ती पुसता येत नाही.

मे महिन्यात बाहेर पारा ४२ वर असतो, तेव्हा दिवे रात्री ८ ते सकाळी ८ चालवा. दिव्यांची उष्णता दुपारच्या उन्हात मिळवण्यात अर्थ नाही. कोरड्या हवेत चांगला कूलर खोली ३० अंशांच्या आसपास आणतो, मात्र त्याचा झोत कपाटावर येऊ देऊ नका. मृग लागला की कूलर फक्त दमटपणा वाढवतो. तो बंद करून पंख्याचा वेग वाढवा. हिवाळ्यात परभणीकडे रात्री बोचऱ्या होतात, तेव्हा कपाट १८ अंशांखाली जाऊ नये म्हणून थर्मोस्टॅट लावलेली हीट मॅट ठेवा.

पाणी वार ठरवून देऊ नका. कुंडी उचलून बघा, हलकी लागली की भरपूर घाला आणि तळातून निथळू द्या. खत कृषी सेवा केंद्रातलंच चालतं: एका आठवड्यात १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखंच असलेलं विद्राव्य खत) लिटरला अर्धा ग्रॅम, पुढच्या आठवड्यात कॅल्शियम नायट्रेट तेवढंच. दोन्ही एकत्र केलीत तर कॅल्शियम आणि फॉस्फेट मिळून साका तळाशी बसतो, तो रोपाला पोचत नाही.

नवं पान उलगडताना आर्द्रता ६० टक्क्यांखाली गेली तर ते अडकतं, फाटतं. हाताने सोडवू नका. पान कडक होईपर्यंत त्याला स्पर्शही नको.

कपाशी-कांद्याच्या शेतांतून फुलकिडे खिडकीतून आत येतात, म्हणून कपाटात निळा चिकट सापळा टांगा आणि पानाची मागची बाजू भिंगाने बघा. निंबोळी तेलाने मखमलीवर डाग राहतात. नवीन आणलेलं रोप २१ दिवस वेगळं ठेवा. परदेशातून मागवायचं तर आयात परवाना आणि निर्यातदार देशाचं पीक आरोग्य प्रमाणपत्र लागतं. जंगलातून ओरबाडलेलं रोप घेऊ नका. बियांपासून वाढवलेलं रोप घ्या, आणि ते लहान असताना घ्या, म्हणजे त्याची नवी पानं तुमच्याच हवेत येतील.