गिनीपिगची खाज, टक्कल आणि वाकडी मान: या चुका टाळा

मागच्या जुलैत आमचा चिकू मागच्या पायाने खांदा खाजवायला लागला आणि मी त्यात तीन आठवडे घालवले. मालवणात तेव्हा पाऊस असा की धुतलेलं काही वाळत नव्हतं, पडवीच्या भिंतीलासुद्धा बुरशी, त्यामुळे मी मनाशी ठरवूनच टाकलं की याला नायटा झालाय आणि घरात माणसांसाठी आणलेली ट्यूब होती ती लावायला लागले. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगो, करंजेल लाव, खरूज जातली," मग तेही लावलं. चौथ्या आठवड्यात पाठीला नुसता हात लागला तरी तो आडवा पडून पाय झाडायला लागला, मला वाटलं आकडी आली, संपलं सगळं. डॉक्टरांनी सांगितलं की नायटा नव्हताच, कातडीत बिळं करून राहणारे माइट्स आहेत, ट्रिक्सॅकॅरस कॅव्ही नावाचे, आणि ती आकडी म्हणजे खाज सहन न होऊन आलेला झटका. डोळ्याला ते दिसतच नाहीत. हे सगळं आधी कोणी सांगितलं असतं तर त्या जिवाचे हाल वाचले असते, म्हणून लिहितेय.

सगळ्यात मोठी चूक हीच, की केस गेले म्हणजे फंगस (नायटा) असं धरून चालायचं. आधी नीट बघा, दिवसाच्या उजेडात बघा, कुठे गेलेत आणि खाजतंय का. नाकाजवळ, डोळ्यांभोवती, कानांच्या कडेला गोल गोल टक्कल आणि वर कोंड्यासारखे पापुद्रे असतील तर फंगसची शक्यता जास्त. खांदे, पाठ, मांडीच्या आतली बाजू, आणि खाज इतकी की खाजवून जखमा, तर माइट्स. मादी दीड-दोन वर्षांच्या पुढची आहे, दोन्ही कुशींवर सारखेच केस विरळ झालेत आणि ती खाजवत मात्र अजिबात नाही, तर ते कातडीचं दुखणंच नसू शकतं, अंडाशयात गाठी असतात, त्याला सोनोग्राफी लागते, तिथे मलम लावत बसून काही होणार नाही. केस मुळापासून न जाता कात्रीने कापल्यासारखे आखूड झालेत तर सोबतचा पिग ते कुरतडतोय. केसांत बारीक पांढरट काहीतरी हलताना दिसलं तर उवा, त्या माणसाला लागत नाहीत. आणि दोन्ही कानांच्या मागे छोटी मोकळी जागा असते ती जन्मापासूनच असते, तिच्यावर काहीही लावू नका, नवीन पाळणारे निम्मे लोक तिथेच घाबरतात.

माणसांच्या ट्यूबबद्दल सांगते. मेडिकलमधून सहज मिळणाऱ्या नायट्याच्या बऱ्याच क्रीममध्ये स्टेरॉइड असतं. लाली दोन दिवस कमी दिसते आणि आपण खूश, पण स्टेरॉइडने प्रतिकारशक्ती दबते, मग खाली फंगस असो की माइट्स, ते निवांत वाढतात. शिवाय गिनीपिग स्वतःला चाटतो, त्यामुळे कातडीवर लावलेलं सगळं पोटात जातं, करंजेलसुद्धा आणि कडुनिंबाचं तेलसुद्धा. तपासणीच्या आधी हळद-तेलाचे थर दिले असतील तर डॉक्टरांना ब्लेडने कातडी खरवडून मायक्रोस्कोपखाली बघायला त्रास होतो तो वेगळाच. आणि खरवडून काही सापडलं नाही म्हणजे माइट्स नाहीत असंही नाही, ते खोल असतात, म्हणून लक्षणं जुळली तर डॉक्टर औषध सुरू करतात, तेव्हा वाद घालू नका.

औषध बहुतेक वेळा आयव्हरमेक्टिन. इथे आपल्याकडे एक चूक फार होते कारण गुरांसाठीची बाटली घरात असते. त्या १ टक्क्याच्या इंजेक्शनमध्ये एका मिलीत १० मिलीग्रॅम औषध, आणि ९०० ग्रॅमच्या पिगला लागतं ते अर्ध्या मिलीग्रॅमच्याही आत, म्हणजे ०.०५ मिलीपेक्षा कमी. साध्या २ मिलीच्या सिरिंजवर ते मोजता येत नाही, गाईच्या हिशोबाने अंदाजे टोचलं तर पिग मरू शकतो. म्हणून वजन करून डॉक्टरांच्याच हातून. कुत्र्याच्या गोचिडांचे थेंब, विशेषतः फिप्रोनिलवाले, अजिबात नकोत.

दुसरं म्हणजे एका डोसनंतर खाज थांबली की लोक दुसरा द्यायला जातच नाहीत. औषधाने किडे मरतात, अंडी मरत नाहीत, म्हणून १०-१४ दिवसांनी परत, बऱ्याचदा तिसऱ्यांदाही. सोबतच्या पिगला काही दिसत नसलं तरी त्यालाही द्यायचं, आमच्या मोतीला एकही जखम नव्हती तरी दिलं, आणि पिंजरा त्याच दिवशी धुवून कोरडा केला.

फंगस खरंच निघाला तर तो माणसाला लागतो हे घरच्या मुलांना आधी सांगा. ग्लव्हज घाला, हात धुवा. कल्चरला, म्हणजे नमुना लॅबमध्ये वाढवून बघायला, दोन-तीन आठवडेही जातात आणि औषध चार-सहा आठवडे चालतं, केस आले म्हणून मधेच बंद करायचं नाही. पिंजऱ्यातलं कापड पावसात वाळत नाही म्हणून लोक चुलीवर धुरात वाळवतात, त्याचा पिगच्या छातीला त्रास होतो, त्यापेक्षा इस्त्री फिरवा. आंघोळ घालू नका, ओला पिग जुलैत दिवसभर वाळत नाही. भाताचं तूस अंथरू नका, धूळ आणि टोकं डोळ्यात जातात. उडवीतला दमट, काळा पडलेला पेंढा तर घरात आणूच नका, आणि चांगला पेंढासुद्धा मुख्य खाणं म्हणून पुरत नाही.

कातडी कोरडी, केस राठ आणि चालताना पाय दुखल्यासारखं वाटत असेल तर क जीवनसत्त्वही बघा. माणसाप्रमाणेच गिनीपिगच्या शरीरातही ते तयार होत नाही, रोज वजनाच्या किलोमागे १० ते ३० मिलीग्रॅम बाहेरूनच द्यावं लागतं. सिमला मिरची, पेरूची फोड, थोडी कोथिंबीर चालते. पाण्यात गोळी टाकू नका, पाण्यात ते लवकर नासतं आणि पाण्याची चव बदलली की पिग पाणीच सोडतो.

आता कान. थोडा पिवळसर-तपकिरी मळ असतोच, बाहेरून दिसतो तेवढाच ओल्या कापडाने पुसा, इअरबड आत घालू नका, मळ आणखी खोल जातो. आपल्याकडे मुलांच्या कानात लसणीचं कोमट तेल सोडायची सवय, तीच लोक पिगवर करतात. पडदा फाटलेला असेल तर ते तेल थेट मधल्या कानात जातं, ड्रॉप्सचंही तेच, कान तपासल्याशिवाय काही टाकायचं नाही. डोकं झटकणं, एकच कान खाजवणं, वास, पू, एवढं दिसलं तरी दाखवा. सशासोबत ठेवला असेल आणि कानात जाड खपल्या असतील तर सशाचे कानातले माइट्स असू शकतात. तसाही ससा सोबत नकोच, बोर्डेटेला नावाचे जंतू सशाला काही न करता पिगला आजारी पाडतात.

मान एका बाजूला वाकडी झाली, गोल गोल फिरतोय, पडतोय, तर तो दिवस वाया घालवू नका. लोक म्हणतात वारं लागलं, लकवा झाला. बहुतेकदा मधल्या-आतल्या कानातलं इन्फेक्शन असतं, कधी आधी सर्दी-खोकला होऊन गेलेला असतो. अँटिबायोटिक बरेच आठवडे चालतं, आणि इथेच जीवघेणी चूक होते: घरातलं अमॉक्सिसिलिन. पेनिसिलिनच्या जातीची औषधं आणि क्लिंडामायसिन तोंडावाटे दिली की पोटातले चांगले जंतू मरून विषारी जंतू माजतात आणि पिग काही दिवसांत जातो. एनरोफ्लॉक्सासिन किंवा ट्रायमेथोप्रिम-सल्फा साधारण चालतं. तालुक्याच्या पशुदवाखान्यात रोज गाई-शेळ्याच येतात, त्यामुळे आधी फोन करून गिनीपिग बघतात का विचारा आणि अँटिबायोटिक कुठलं देतायत तेही नम्रपणे विचारा.

तोवर घरी त्याच्या दोन्ही बाजूंना टॉवेलच्या गुंडाळ्या लावा म्हणजे कलंडणार नाही, गवत आणि पाणी तोंडाजवळ ठेवा, स्वतः खात नसेल तर भिजवलेल्या पेलेट्सची (गिनीपिगच्या खाद्याच्या गोळ्यांची) पेज सिरिंजने ओठाच्या बाजूने थोडी थोडी द्या, रात्रीसुद्धा, कारण अर्धा दिवस उपाशी राहिला तरी याचं आतडं थांबायला लागतं. रोज सकाळी किचनच्या काट्यावर वजन करून लिहून ठेवा, डॉक्टरांकडे जाताना तो कागद न्या. इन्फेक्शन गेल्यावरही मान थोडी वाकडी राहू शकते, पण खाऊन-पिऊन असे पिग छान जगतात.