सगळ्या साइटवर एकच कमांड चालवण्याआधी

वीस-पंचवीस वर्डप्रेस साइट सांभाळणाऱ्याला एखाद्या प्लगिनचा सुरक्षा-अपडेट आला की प्रत्येक डॅशबोर्ड उघडत बसणं परवडत नाही. डब्ल्यूपी-सीएलआय, म्हणजे टर्मिनलमधून कमांड देऊन वर्डप्रेस सांभाळायचं साधन, त्याच्या एका ओळीत ते काम होतं. पण ओळ चुकली तर चूकही सगळीकडे पोचते, म्हणून ही तयारी आदल्या दिवशीच उरकून ठेवा.

पहिलं काम साइटच्या यादीचं, आणि सगळ्यात जास्त वेळ इथेच द्या. डब्ल्यूपी-सीएलआयच्या कॉन्फिग फाइलमध्ये प्रत्येक साइटला एक टोपणनाव, म्हणजे एलियस देता येतं: कोणता सर्व्हर, कोणता युजर, कोणतं फोल्डर. ‘ॲट ऑल’ म्हटलं की तिथली सगळी नावं आली, त्यात चाचणीची साइट आली आणि गेल्या वर्षी सोडून गेलेल्या ग्राहकाचीही. मी ‘ऑल’ वापरत नाही. आज ज्यांना हात लावायचा त्यांचाच वेगळा गट करतो. मग त्या गटावर फक्त ‘ऑप्शन गेट होम’ चालवायचं. ही कमांड काही बदलत नाही, प्रत्येक साइटचा पत्ता तेवढा सांगते. तो हिशेबाच्या वहीशी एकेक करून ताडून बघा. माझ्या यादीत एकदा दोन टोपणनावं एकाच फोल्डरकडे बोट दाखवत होती. एका साइटवर कमांड दोनदा चालली आणि दुसरी तशीच जुनी राहिली.

मल्टिसाइट, म्हणजे एकाच वर्डप्रेसवर अनेक साइट, असेल तर हिशेब वेगळा. तिथे प्लगिनच्या फाइली सामाईक असतात, म्हणून अपडेट एकदाच. सेटिंग मात्र प्रत्येक साइटच्या स्वतंत्र टेबलात असतात, त्यासाठी ‘साइट लिस्ट’मधून पत्ते काढून एकेकावर कमांड फिरवावी लागते.

लॉगिन रूटने, म्हणजे सर्व्हरच्या सर्वाधिकार असलेल्या खात्याने, करू नका. डब्ल्यूपी-सीएलआय स्वतःच अडवतं, आणि ‘अलाऊ रूट’ लावून पुढे गेलात तर प्लगिनचा कोडही रूटच्या अधिकारात चालतो. शिवाय नव्या फाइली रूटच्या नावावर जातात आणि पुढचं अपडेट डॅशबोर्डवरून होत नाही.

बॅकअपमध्ये डेटाबेस आणि प्लगिनचं फोल्डर, दोन्ही हवं. ‘डीबी एक्सपोर्ट’मध्ये फाइली येत नाहीत. ही एक्सपोर्ट फाइल साइटच्या सार्वजनिक फोल्डरमध्ये पडू देऊ नका, नाव ओळखलं तर कुणीही ती उतरवून घेईल. डिस्कवर जागा किती उरली आहे तेही आधीच बघा, आणि निदान एक बॅकअप दुसरीकडे चढवून साइट खरंच उभी राहते का ते तपासा. प्लगिनचा आत्ताचा व्हर्जन नंबर लिहून ठेवा. तो असेल तर मोफत प्लगिन सहसा ‘फोर्स’ने, म्हणजे आहे त्यावर पुन्हा बसवून, जुन्या व्हर्जनवर मागे नेता येतं. विकतच्या प्लगिनची जुनी झिप मात्र आपल्याकडेच हवी.

टोपणनावांऐवजी स्वतःचा लूप लिहिणार असाल तर एक फसगत ठाऊक असू द्या. यादी ओळीओळीने वाचणाऱ्या ‘व्हाइल रीड’च्या आत एसएसएच (दूरच्या सर्व्हरवर कमांड चालवायचं साधन) चालवलं की ते यादीच्या उरलेल्या ओळी स्वतःच गिळतं. पहिली साइट होते, लूप संपतो, एररही दिसत नाही. एसएसएचला ‘डॅश एन’ द्या. प्रत्येक साइटचा निकाल वेगळ्या लॉग फाइलमध्ये जाऊ द्या, सोबत एक्झिट कोडही (कमांड यशस्वी झाली की फसली ते सांगणारा आकडा), नाहीतर सतरावी साइट फसल्याचं ग्राहकाच्या फोनवरूनच कळेल.

इंटरनेट तुटलं तरी काम चालू राहावं म्हणून सर्व्हरवर टीमक्स (कनेक्शन गेलं तरी सुरू राहणारं टर्मिनल) उघडा. आधी ‘ड्राय रन’ (काही न बदलता काय होईल ते दाखवणारी फेरी), मग स्वतःची एक साइट, मग दोन-तीन लहान साइट. दुकानाच्या साइट शेवटी, ऑर्डर कमी येतात त्या वेळी. काम झाल्यावर प्रत्येक मुखपृष्ठ २०० कोड (पान नीट मिळाल्याची खूण) देतं का ते बघा, आणि दुकान असेल तर चेकआउटचं पानही उघडून बघा.