आधी गळतीची कारणं वाचा, मग मॉडेल निवडा

दीर्घकालीन औषध-चाचण्यांच्या विश्लेषणात नवीन आलेली मंडळी पहिल्याच आठवड्यात विचारतात, मिक्स्ड मॉडेल (प्रत्येक रुग्णाची हाती असलेली सगळी मोजमापं एकत्र वापरणारं) लावू की मल्टिपल इम्प्युटेशन (हुकलेली मूल्यं अनेकदा अंदाजाने भरणं) करू? मी त्यांना आधी चाचणी मधेच सोडून गेलेल्यांच्या, म्हणजे गळतीच्या, नोंदी वाचायला बसवते. फॉर्मवर कारण असतं 'संमती मागे घेतली', आणि शेजारच्या शेऱ्यात 'गोळी घेतली की मळमळतं'. ही गळती औषधामुळे झाली. गाव बदललं म्हणून गेलेल्याबरोबर तिची मोजदाद करून चालत नाही.

मग शेवटच्या भेटीनुसार सहभागींचे गट पाडा आणि प्रत्येक गटाच्या सरासरीची वेगळी रेषा काढा. तिसऱ्या भेटीनंतर गेलेल्यांची तब्येत आधीपासूनच ढासळत होती असं दिसलं, तर गळती निव्वळ योगायोगाची नाही. संख्याशास्त्रज्ञ डोनाल्ड रुबिन यांनी १९७६ मध्ये मांडलेली चौकट इथे कामी येते: गळती नोंदवलेल्या मोजमापांवरून समजते, की न नोंदवलेल्या मूल्यावरच अवलंबून आहे? हातातल्या डेटावरून या दोन शक्यतांचा निवाडा करता येत नाही. हे लवकर स्वीकारलेलं बरं.

शेवटचं मोजमाप पुढे ओढण्याची जुनी पद्धत अजून भेटते. अल्झायमरसारख्या वाढत जाणाऱ्या आजारात ती घातक ठरते: लवकर गेलेला रुग्ण त्याच्या बऱ्या अवस्थेतच गोठतो आणि दुष्परिणामांनी माणसं पळवणारं औषध गुणकारी भासतं.

मुख्य विश्लेषणाला मिक्स्ड मॉडेल बहुधा पुरतं, पण गळती नोंदवलेल्या माहितीवरून समजते हे त्यातलं गृहीतक आहे. म्हणून मी डेल्टा पद्धतीवर भर देते. औषध गटातून गेलेल्यांची भरलेली मूल्यं थोडी थोडी वाईट करत जायची आणि निष्कर्ष कुठे उलटतो ते पाहायचं. तो आकडा घेऊन डॉक्टरांकडे जा आणि विचारा, गेलेले रुग्ण खरोखर इतके बिघडू शकतात का? या कामातला मला सर्वांत आवडणारा संवाद तोच. जॉइंट मॉडेल, पॅटर्न-मिक्श्चर वगैरे गळतीलाही मॉडेलमध्ये घेणाऱ्या पद्धती सावकाश शिका.

आयसीएच ई९ या चाचण्यांच्या संख्याशास्त्रावरच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेच्या २०१९ च्या पुरवणीतला एस्टिमँडचा, म्हणजे चाचणीतून नेमकं काय मोजायचं याचा, भाग मात्र लगेच वाचा आणि प्रोटोकॉलच्या (चाचणीच्या आराखड्याच्या) बैठकीला आग्रहाने बसा. औषध बंद केलेल्या रुग्णाची मोजमापं पुढे चालू ठेवायची की नाही, हे तिथेच ठरतं.