नवा मंत्र कोणत्या शाखेत टाकायचा?

डन्जन्स अँड ड्रॅगन्स या, पात्रं घेऊन गोष्ट रचत खेळायच्या, आमच्या रविवारच्या खेळात पोरं स्वतःचे मंत्र रचून आणतात, आणि डीएम (डन्जन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारी) म्हणून जादूच्या आठ शाखांपैकी मंत्राची शाखा मला ठरवावी लागते. माझी पद्धत सांगते.

मंत्र दिसतो कसा, ते आधी बाजूला ठेवा. तो काय करतो ते एका वाक्यात लिहा आणि क्रियापदाखाली रेघ मारा. अडवतो, राखतो: ॲबजुरेशन. बोलावतो, आणून ठेवतो: कॉन्जुरेशन. कळवतो: डिव्हिनेशन. मन वळवतो: एन्चांटमेंट. शक्तीचा मारा करतो: इव्होकेशन. भास घडवतो: इल्यूजन. प्राणाला किंवा प्रेताला हात घालतो: नेक्रोमन्सी. रूप पालटतो: ट्रान्सम्युटेशन.

आग दिसली की इव्होकेशन लिहून मोकळं होऊ नका. फायरबॉल तिथलाच, पण क्रिएट बॉनफायर कॉन्जुरेशनमध्ये आहे. याने खेळात फरक पडतो: इव्होकेशनचा खास अभ्यास केलेला जादूगार त्या शाखेच्या माऱ्यातून सोबत्यांना वाचवू शकतो, इतर शाखांच्या माऱ्यातून नाही.

माझ्या भाचीने वेषांतराचा मंत्र आणला तेव्हा मी एवढंच विचारलं, ‘पहारेकऱ्याने तुझी दाढी ओढली तर?’ हात आरपार गेला तर इल्यूजन, डिस्गाइज सेल्फसारखा. केस हाताला लागले तर ट्रान्सम्युटेशन, ऑल्टर सेल्फसारखा. तिने विचार करून ‘आरपार’ म्हटलं. झालं.

बरं करणाऱ्या मंत्रांपाशी मात्र पद्धत अडते, कारण नियमपुस्तकांचंच एकमत नाही. जखम भरणारा साधा मंत्र 1989च्या दुसऱ्या आवृत्तीत नेक्रोमन्सी होता, 2000च्या तिसरीत कॉन्जुरेशन, 2014च्या पाचवीत इव्होकेशन आणि 2024च्या नव्या नियमांत ॲबजुरेशन. मला सगळ्यांत जुनी जागा पटते. प्राण ओढून घेणारी विद्या आणि प्राण परत देणारी विद्या एकच असावी, त्यात मोठी गोष्ट दडलेली आहे. तरी टेबलावर मी हातातल्या पुस्तकाप्रमाणेच जाते. पोरांनी पात्रं त्याच भरवशावर बांधलेली असतात.

ठरलेली शाखा मंत्राच्या कार्डावर लगेच लिहा, कारण जादू ओळखणारा डिटेक्ट मॅजिक हा मंत्र नेमकी तीच सांगतो. गेल्या खेळात पेटीभोवती नेक्रोमन्सीची आभा आहे म्हटल्यावर कडीला लागलेला हात मागे आला, आणि पेटी न उघडताच पोरांनी अर्धा तास वाद घातला.