फिलाडेल्फियाची सभा सोलापूरच्या वर्गात भरवताना

अमेरिकेची राज्यघटना शिकवायची म्हटली की फळ्यावर तीन चौकोन येतात: काँग्रेस, राष्ट्राध्यक्ष, सर्वोच्च न्यायालय. मुले ते पाठ करतात आणि परीक्षा झाली की विसरतात. त्यापेक्षा ही घटना जिथे लिहिली गेली ती 1787 ची फिलाडेल्फियाची सभाच वर्गात भरवा. आठवी ते दहावीच्या तुकडीला 40 मिनिटांच्या चार तासिका पुरतात. सामान किरकोळ आहे: पुठ्ठ्याच्या 13 पाट्या, जाड कागदाची सहा कार्डे आणि भरपूर चिंचोके.

वर्गाचे 12 गट करा. प्रत्येक गट म्हणजे एक राज्य, त्यात तीन मुले. मॅसॅच्युसेट्सला मात्र चार द्या, कारण पुढे येईल. तेरावी पाटी ऱ्होड आयलंडची. ती रिकाम्या बाकावर ठेवा, कारण त्या राज्याने सभेला कोणाला पाठवलेच नव्हते. उरलेली मुले टिपणे घेतील. व्हर्जिनियाचा प्रतिनिधी जेम्स मॅडिसन याने रोज टिपणे काढली म्हणून बंद दाराआडची चर्चा आज आपल्याला कळते, तेव्हा हे काम दुय्यम समजू नका. सर्वात मोठे राज्य व्हर्जिनिया. ते वर्गातल्या बोलक्या मुलांच्या हाती देऊ नका. दिले तर लोकसंख्येचा जोर कुठला आणि आवाजाचा कुठला, हे कोणालाच कळत नाही. पूर्व भागातल्या शाळेत तेलुगू, अक्कलकोटकडे कन्नड, कुठे उर्दू: गटात आपसात हवी ती भाषा चालू द्या, सभेपुढे मात्र मराठीत मांडायला लावा.

पहिल्या तासिकेत जुनी व्यवस्था का कोलमडली ते दाखवा. 1781 पासून लागू असलेल्या तेरा राज्यांमधल्या करारात मध्यवर्ती काँग्रेसला कर बसवण्याचा अधिकारच नव्हता, ती राज्यांकडे फक्त मागू शकत होती. प्रत्येक गटाला दहा चिंचोके द्या आणि एका मुलाला खजिनदार करून फिरवा: 'सैनिकांचा पगार थकलाय, द्याल का?' नाही म्हणायची मुभा सगळ्यांना. खजिना रिकामाच राहतो. मग आयात मालावर पाच टक्के जकातीचा ठराव मांडा. करारात बदल करायचा तर तेराही राज्यांची संमती हवी. प्रत्यक्षात 1782 मध्ये एकट्या ऱ्होड आयलंडने नकार दिला आणि ठराव बारगळला. 1786 मध्ये मॅसॅच्युसेट्सचे कर्जबाजारी शेतकरी जप्त्या थांबवायला न्यायालयांवर चालून गेले. कर्ज आणि जप्ती म्हणजे काय, हे आपल्या जिल्ह्यातल्या मुलांना समजावून सांगावे लागत नाही.

दुसरी तासिका सर्वात रंगते. चिंचोके परत गोळा करा आणि त्यातले 65 मोजून घ्या. काँग्रेसच्या पहिल्या प्रतिनिधिगृहासाठी घटनेने तेवढ्याच जागा ठरवल्या होत्या. व्हर्जिनिया 10, मॅसॅच्युसेट्स आणि पेनसिल्व्हेनिया प्रत्येकी 8, न्यूयॉर्क आणि मेरीलँड 6-6, कनेक्टिकट आणि दोन्ही कॅरोलिना 5-5, न्यूजर्सी 4, न्यू हॅम्पशायर आणि जॉर्जिया 3-3, डेलावेअर 1 आणि रिकाम्या बाकावरही 1. आता विचारा: बहुमताला 33 हवेत, किती राज्ये एकत्र आली की बाकीच्यांना विचारायची गरज उरत नाही? मुलांना मोजू द्या. पहिल्या चारांचे 32 होतात, एक कमी पडतो. पाचवे राज्य आले की 38, आणि उरलेली आठ राज्ये हात चोळत बसतात. मग नियम उलटा करा, प्रत्येक राज्याला एकच मत. आता सर्वात लहान सात राज्ये बहुमत करतात, आणि त्यांच्याकडे चिंचोके असतात फक्त 22.

इथे आपल्या तालुक्यांचे उदाहरण द्या. जिल्ह्याच्या बैठकीत अकरा तालुक्यांना एकेक मत दिले तर मंगळवेढा खूश. लोकसंख्येवर दिले तर शहरासह उत्तर सोलापूर सगळ्यांवर भारी. दोन्ही बाजूंना न्याय्य वाटणारे काहीतरी आहे हे मुलांना जाणवले की तडजोड सुचवायला सांगा. दोन सभागृहांची कल्पना (एकात लोकसंख्येप्रमाणे जागा, दुसऱ्यात प्रत्येक राज्याला सारख्या) बहुतेक वर्गांत कोणीतरी काढतेच. कोणी नाही काढली तर कनेक्टिकटच्या गटाला चिठ्ठी द्या. मतदान राज्यवार घ्या, गटातल्या बहुमताने. चार जणांचा मॅसॅच्युसेट्स दोन-दोन असा फुटला की त्याचे मत बाद. 16 जुलै 1787 ला असेच घडले आणि ही तडजोड पाच विरुद्ध चार मतांनी जेमतेम पार पडली. दारे-खिडक्या लावून सभा होत असे हे जरूर सांगा, पण मार्च-एप्रिलच्या सोलापुरात त्याची नक्कल करू नका.

तिसरी तासिका जपून घ्या. गुलामीत ठेवलेल्या माणसांची भूमिका कोणत्याही मुलाला देऊ नका, आणि जातीची तुलना करताना वर्गातल्या कोणाकडे बोट जाऊ देऊ नका. हा तास आकड्यांवर चालवा. 1790 च्या गणनेत दक्षिण कॅरोलिनात सुमारे 2,49,000 माणसे होती, त्यातली 1,07,000 गुलामीत. प्रतिनिधिगृहातल्या जागा ठरवताना घटनेने त्यांना तीन-पंचमांश धरले. मुलांना वहीत करू द्या: 1,42,000 अधिक 64,200, म्हणजे 2,06,200. 33,000 मागे एक जागा या हिशेबाने सहा जागा. गुलाम धरलेच नसते तर चार, पूर्ण धरले असते तर सात. इथली नेहमीची चूक म्हणजे 'गुलामाला तीन-पंचमांश मत होते' हे वाक्य. त्यांना मत शून्य होते. पूर्ण मोजावे अशी मागणी मालकांच्या राज्यांची होती, कारण वाढीव जागा मालकांच्याच हाती जाणार होत्या. मोजले जाणे वेगळे आणि मत असणे वेगळे, हे या तासाला फळ्यावर लिहा आणि पुसू नका.

मंजुरी दोन मिनिटांत उरका: 55 प्रतिनिधी आले होते, 17 सप्टेंबर 1787 ला 39 जणांनी सह्या केल्या. घटना लागू व्हायला नऊ राज्ये पुरत होती. नववे न्यू हॅम्पशायर, जून 1788. 1776 हे स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचे साल आहे, घटनेचे नव्हे. मुले हमखास गल्लत करतात.

चौथ्या तासिकेला सहा कार्डे वाटा आणि प्रत्येक गटाला विचारा, 'या कार्डातला माणूस नागरिक आहे का?' मूळ घटनेत 'नागरिक' हा शब्द येतो, पण कोण नागरिक याची व्याख्या येत नाही. भांडण तिथूनच सुरू होते. कार्डांवर हे लिहा. 1790: परदेशातून आलेल्यांपैकी फक्त स्वतंत्र गोऱ्यांना अर्ज करता येतो. 1857: ड्रेड स्कॉट खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणते, काळे लोक नागरिक होऊच शकत नाहीत. 1868: चौदावी दुरुस्ती जन्माने नागरिकत्व देते. 1923: भगतसिंग थिंद या पंजाबी माणसाला न्यायालय 'गोरा' मानत नाही. 1924: मूळ रहिवाशांना नागरिकत्व मिळते, त्यांच्याच भूमीत. 1946: भारतीयांना अर्ज करण्याचा हक्क मिळतो. कार्डे सालवार न वाटता मिसळून द्या. दोरीवर क्रम लावताना मुले जास्त वाद घालतात, आणि आपल्याला तेच हवे आहे.

'माझा मामा तिकडे असतो, तो कोणाचा नागरिक?' हा प्रश्न येणारच. ग्रीन कार्ड, म्हणजे तिकडे कायम राहण्याचा परवाना, असेल तर तो अजून भारताचाच. तिकडच्या जनगणनेत मोजला जातो, पण राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत मत देऊ शकत नाही. तिकडचे नागरिकत्व घेतले तर भारताचे जाते, आणि ओसीआय कार्डावर (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना भारत देतो ते कार्ड) इथे मतदान करता येत नाही. फळ्यावरचे वाक्य पुन्हा दाखवा. जोडीला आंबेडकरांनी 4 नोव्हेंबर 1948 ला संविधान सभेत सांगितलेला फरक ठेवा: अमेरिकेत संघाचे आणि राज्याचे असे दुहेरी नागरिकत्व, आपल्याकडे एकच.

जमल्यास शेवटचा अर्धा तास चार हुतात्मा पुतळ्यांपाशी घ्या. मे 1930 मध्ये इंग्रजी अंमल कोसळून सोलापूरकरांनी काही दिवस शहराचा कारभार स्वतः पाहिला, मग मार्शल लॉ आला. मल्लाप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात फाशी झाली. कायद्याने ते चौघे नागरिक नव्हते, राजाची प्रजा होते. वहीत दोन रकाने आखायला सांगा, 'प्रजा' आणि 'नागरिक', आणि चार दिवसांतली कोणती गोष्ट कुठल्या रकान्यात जाते ते तिथेच उभ्याने लिहू द्या. वह्या तपासताना बरोबर-चूक अशी खूण करू नका. ज्या नोंदीवर दोन मुलांचे मत वेगळे आहे ती दुसऱ्या दिवशी वर्गात वाचून दाखवा.